व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा आणि परत गेलेल्या बाई

पत्र

सप्रेम नमस्कार.

आमची संस्था छोटी आहे. दीर्घ आजारानं अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी आमचे स्वयंसेवक आठवड्यातून दोनदा तीन-तीन तास जाऊन बसतात. त्यांची सेवा करणाऱ्या घरच्या माणसाला तेवढाच मोकळा वेळ मिळतो. चौदा स्वयंसेवक आहेत, पगारी कोणी नाही, नऊ वर्षं काम चालू आहे. मी कार्यवाह.

आमच्या अध्यक्षांनी हल्ली ‘नेटवर्किंग वाढवा’ असा धोशा लावलाय. संस्थांचे मेळावे, परिषदा, जिथं बोलावतील तिथं जा म्हणतात. गेल्या वर्षी चार ठिकाणी गेले. भाषणं ऐकली, तीसेक व्हिजिटिंग कार्डं घेऊन आले, ती ड्रॉवरमध्ये पडून आहेत. देणगी म्हणाल तर एक पैही आली नाही. खरं सांगायचं तर लोकांच्या पुढं पुढं करणं मला जमतही नाही. वर भीती वाटते ती वेगळीच. आमचे देणगीदार बोटावर मोजण्याइतके, ते दुसऱ्या कोणी पळवले तर? आमच्यासारखंच काम करणारी आणखी एक संस्था जवळ आहे, पण त्यांची विचारसरणी निराळी, त्यामुळे येणं-जाणं नाही.

इकडे काम पडलेलं असतं. खोलीत नऊ वॉकर धूळ खात पडलेत आणि एअर बेड कुणी मागितला की नाही म्हणावं लागतं. मागच्या महिन्यात एक बाई आल्या होत्या. पक्षाघात झाल्यापासून त्यांच्या नवऱ्याला बोलता येत नाही, त्याला बोलायला शिकवणारं कुणी आहे का, असं विचारत होत्या. ते आमचं काम नाही, म्हणून परत पाठवावं लागलं. नंतर कळलं की दोन गल्ल्या सोडून एक गट सहा वर्षं नेमकं हेच करतोय. असो.

तर सांगा, संस्थांना नेटवर्किंगचा खरंच काही फायदा असतो की हे नुसतं फॅड आहे?

– एक कार्यवाह

उत्तर

नमस्कार कार्यवाहबाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या ‘असो’पाशी थांबलो. देणग्या, अध्यक्ष, मेळावे, कार्डं यांवर तुम्ही भरभरून लिहिलंत आणि त्या बाईंची गोष्ट चार ओळींत आटोपून पुढं निघालात. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या चार ओळींतच आहे.

तुम्ही नेटवर्किंगचा हिशेब देणगीत मांडलाय. चार मेळावे, तीस कार्डं, मिळकत शून्य. या हिशेबानं ते फॅडच ठरतं आणि मीही तुम्हाला घरी बसा असंच सांगेन. पण हिशेबाची वही बदलून बघा. नऊ वर्षांत किती माणसं तुमच्या दारात येऊन ‘हे आमचं काम नाही’ ऐकून परत गेली असतील? तो आकडा तुमच्याकडे नाही, कारण परत पाठवलेल्या माणसाची नोंद कुठलीच संस्था ठेवत नाही. अहवालात लाभार्थी असतात, परत गेलेले नसतात. संस्थेनं ओळखी वाढवायच्या त्या सगळ्यात आधी या माणसासाठी. पैसा त्यातून कधी येतो, कधी येत नाही.

दोष देतोय असं समजू नका. मी स्वतः बरीच वर्षं एका संस्थेत टेबलाच्या त्या बाजूला बसलोय आणि तुमच्याहून वाईट केलंय. तुम्ही सरळ नाही म्हणालात. मी यादी द्यायचो. टाइप केलेली, दोन पानी, उपयुक्त दूरध्वनी क्रमांकांची. देताना फार काहीतरी केल्यासारखं वाटायचं. एकदा एक गृहस्थ आठवड्यानं तीच यादी घेऊन परत आले. प्रत्येक नंबरापुढं त्यांनी पेन्सिलनं लिहिलं होतं: लागत नाही, उचलत नाहीत, बंद झालं, आता हे काम करत नाही, उचलत नाहीत. मला न रागावता त्यांनी ती यादी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, “तुमच्या उपयोगी पडेल.” त्या दिवशी मला कळलं की माझ्याकडे ओळखी नव्हत्या, नुसते नंबर होते.

तुमच्या ड्रॉवरमधल्या तीस कार्डांचीही तीच कथा आहे. त्यातल्या किती जणांना तुम्ही फोन करून ‘अहो, एक बाई समोर बसल्यात, त्यांना तुमच्याकडे पाठवू का?’ असं विचारू शकाल? जितक्यांना विचारू शकाल तितकंच तुमचं नेटवर्क. बाकीचा कागद.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. खरी आहे. 1935 सालच्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक माणूस अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन या परक्या गावी एका हॉटेलच्या लॉबीत उभा होता. धंद्याचं काम फसलं होतं, खिसा रिकामा होता, आणि मुख्य म्हणजे दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. एका बाजूला हॉटेलचा बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चेसची यादी. आपण आत्ता दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोललो नाही तर बारमध्ये जाऊ, हे त्याला उमगलं होतं. त्यानं यादीतल्या एका पाद्र्याला फोन लावला आणि ही विचित्र मागणी त्याच्यापुढं ठेवली. पाद्री व्यसनमुक्तीचं काम करत नव्हता. पण त्यानं फोन ठेवला नाही, काही नावं सांगितली. त्या नावांच्या मागावर फोन करत करत विल्सन हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. एका डॉक्टरच्या दारूपायी त्याचं घर कसं हवालदिल झालंय, हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघांना आपल्याकडे बोलावलं. डॉक्टर रॉबर्ट स्मिथ पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि कित्येक तास बसले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची जगभर पसरलेली चळवळ आपला जन्म त्याच वर्षीच्या 10 जूनचा मानते, डॉक्टरांनी दारू कायमची सोडली त्या दिवसाचा.

या गोष्टीत सगळे विल्सनचं कौतुक करतात. मला मात्र तो पाद्री आणि त्या बाई महत्त्वाच्या वाटतात. दोघांनीही स्वतः काहीच ‘सेवा’ दिली नाही. कुणाला विचारावं, एवढंच त्यांना माहीत होतं. त्यांची नावं आज फार कमी लोकांना आठवतात, आणि संस्थांच्या वार्षिक अहवालात अशा कामासाठी रकानाच नसतो.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण त्यासाठी अनोळखी लोकांत कशाला जायचं? आमची माणसं आहेत की चौदा, सगळ्यांच्या ओळखी आहेत. नेमकी हीच अडचण आहे. नऊ वर्षं एकत्र काम करणाऱ्या चौदा जणांच्या ओळखी बहुतेक त्याच त्या असतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं बॉस्टनजवळच्या एका गावात नोकरी बदललेल्या लोकांची पाहणी केली होती. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यानं विचारलं, ज्यानं तुम्हाला खबर दिली तो माणूस त्या काळात तुम्हाला कितीदा भेटायचा? नेहमी भेटायचा म्हणणारे निघाले 16.7 टक्के. अधूनमधून म्हणणारे 55.6 टक्के आणि क्वचित म्हणणारे 27.8 टक्के. पाहणी लहान होती, पण तिनं दाखवलेली गोष्ट मोठी आहे: जिवाभावाच्या माणसाला जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. नवी खबर आणतो तो लांबचा, नुसत्या ‘काय, बरं आहे ना’पुरता ओळखीचा माणूस, कारण तो दुसऱ्याच चार माणसांत वावरत असतो. या पाहणीवर आधारलेला त्याचा लेख 1973 साली छापून आला, आणि त्याआधी एका नियतकालिकानं तो साभार परत केला होता. पुढं 2022 मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांनीही साधारण याच तर्काला पुष्टी दिली. थोडी दुरुस्ती मात्र केली: अगदीच नावापुरती ओळख फारशी कामाची नाही, मध्यम पातळ ओळख सगळ्यात कामाची. तुमच्या ड्रॉवरमधल्या कार्डांवर हा निकालच आहे म्हणा ना.

नोकरीचं सोडा. त्याच लेखात ग्रॅनोव्हेटरनं बॉस्टनच्या वेस्ट एंड वस्तीबद्दल लिहिलंय, ते प्रत्येक संस्थेनं वाचावं. एकमेकांना घट्ट धरून राहणारी ही वस्ती. 1950च्या दशकाच्या अखेरीस शहर ‘सुधारण्या’साठी ती पाडायला घेतली आणि लोकांना ते रोखता आलं नाही. एवढा जिव्हाळा असून असं का व्हावं? त्याचा तर्क असा की जिव्हाळा होता तो छोट्या छोट्या कोंडाळ्यांत. प्रत्येक कोंडाळं आतून घट्ट, पण एका कोंडाळ्याला दुसऱ्याशी जोडणारी साधी तोंडओळख विरळ. मग पुढारी म्हणून जो उभा राहील त्याच्यावर भरवसा ठेवायचा कसा? त्याला ओळखणारं आपल्या माणसांत कुणीच नाही. शेजारच्या चार्ल्सटाउन वस्तीत मंडळं-संघटना भरपूर होत्या, तिथं लोकांनी अशाच योजनेविरुद्ध यशस्वीपणे तोंड दिलं. वेस्ट एंडचा मूळ अभ्यास ज्यानं केला त्या हर्बर्ट गॅन्सला हा तर्क पटला नव्हता. मला पटतो, कारण आतून अतिशय प्रेमळ आणि बाहेरून पार एकट्या अशा संस्था मी पाहिल्यात. एकमेकांचे वाढदिवस साजरे करतात, आणि जागा सोडायची नोटीस आली की वकील कुठून आणायचा हे कुणालाच माहीत नसतं.

आता तुमच्या वॉकरकडे येतो. मला ते नऊ वॉकर फार आवडले.

अमेरिकेत फूड बँकांचं एक मोठं जाळं आहे, फीडिंग अमेरिका नावाचं. मोठ्या कंपन्यांकडून आलेलं धान्य, डबे, भाजी देशभरच्या सुमारे दोनशे फूड बँकांना वाटायचं असतं. आधी वाटप पाळीनं व्हायचं. ज्याची पाळी त्याला जे आलं असेल ते. त्यामुळे ज्यांच्याकडे बटाट्यांचा ढीग आहे त्यांच्याच वाट्याला पुन्हा बटाटे यायचे. 2005 साली अर्थशास्त्रज्ञांच्या मदतीनं त्यांनी पद्धत बदलली. प्रत्येक फूड बँकेला गरजेच्या प्रमाणात खोटे पैसे, म्हणजे ‘शेअर्स’, मिळायला लागले आणि ते वापरून रोज बोली लावायची. जे हवं त्यावर जास्त बोली लावा, जे आधीच भरपूर आहे ते सोडून द्या. नको असलेला माल उचलणाऱ्याला वर शेअर्स देण्याचीही सोय होती. तोपर्यंत कुणाकडे काय जास्त आहे आणि कुणाला काय कमी पडतं, हे ज्याचं त्यालाच माहीत होतं. ते एका ठिकाणी दिसायला लागलं आणि माल योग्य दारी जायला लागला.

तुम्हाला लिलाव भरवायला सांगत नाही. पण तुमच्याकडे नऊ वॉकर जास्त आणि एअर बेड कमी. कुठंतरी दुसऱ्या एका खोलीत एअर बेड पडून असणार आणि तिथली कार्यवाह ‘वॉकर नाहीत हो’ म्हणून लोकांना परत पाठवत असणार. तुम्ही दोघी एकाच मेळाव्यात एकाच रांगेत बसलाही असाल, भाषण संपायची वाट बघत. मग ते कळलं का नाही?

कारण मेळाव्यात आपण बोलतो कसे, ते आठवा. “आमची संस्था गेली नऊ वर्षं समाजातल्या वंचित घटकांच्या सर्वांगीण विकासासाठी कार्यरत आहे.” समोरचाही तेच वाक्य म्हणतो, फक्त वर्षं बदलतात. दोघं मान डोलावतात, कार्डं देतात, पांगतात. त्याऐवजी असं म्हणून बघा: “अंथरुणाला खिळलेल्या माणसापाशी आम्ही तीन तास जाऊन बसतो, म्हणजे त्याच्या घरच्याला बाहेर पडता येतं. आमच्याकडे नऊ वॉकर पडलेत, कुणाला हवेत? आणि आम्हाला एअर बेड पाहिजेत.” एवढंच. हे ऐकल्यावर समोरच्याला एखादं घर आठवतं, एखादा माणूस आठवतो. ताकाला जाऊन भांडं लपवायची आपल्याला सवय आहे आणि संस्थावाल्यांना तर जास्तच, कारण मागणं कमीपणाचं वाटतं. तुम्ही स्वतःसाठी मागत नाही आहात, हे एकदा मनाशी पक्कं झालं की पुढं पुढं करण्याचा तुमचा संकोचही निम्म्यानं कमी होईल. उरलेला निम्मा राहू द्या. बडबड्या माणसापेक्षा नीट ऐकणारं माणूस जास्त लक्षात राहतं.

आणि मेळाव्यालाच गेलं पाहिजे असंही नाही. रोटरी क्लबला रोटरी का म्हणतात, ठाऊक आहे? 1905च्या फेब्रुवारीत शिकागोत चार जण भेटले: एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण इंजिनिअर, एक शिंपी. चौघांचे चार धंदे. पुढच्या बैठका सभासदांच्या कचेऱ्यांत पाळीपाळीनं व्हायच्या, त्या फिरत्या बैठकांवरून नाव पडलं. दुसऱ्याच्या कामाच्या जागी गेलं की सभागृहात दिसत नाहीत त्या गोष्टी दिसतात. भिंतीवरचा तक्ता, कोपऱ्यातलं सामान, फोनवर कोण बोलतंय, दारात कोण उभं आहे. तुमच्या खोलीत कुणी आलं असतं तर वॉकर बघूनच बोलणं सुरू झालं असतं. म्हणून वर्षाला चार मेळाव्यांऐवजी महिन्याला एका संस्थेच्या जागी जाऊन या. दोन तास पुरे. सुरुवात आपल्या कामाच्या आजूबाजूच्या पण वेगळ्या कामापासून करा: फिजिओथेरपीवाले, मोफत कायदेशीर सल्ला देणारे, दृष्टिहीनांसाठी वाचन करणारे, अ‍ॅम्ब्युलन्स चालवणारे. तुमच्यासारखंच काम करणाऱ्यांपेक्षा यांच्याकडून तुम्हाला जास्त नवं कळेल.

जाताना अध्यक्षांना नेऊ नका. राग मानू नये त्यांनी. पण दारात आलेल्या माणसाशी ज्याला बोलावं लागतं, फोन जो उचलतो, त्यानं जायला हवं. अध्यक्ष-अध्यक्षांच्या ओळखीतून सत्कार निघतात. फोन उचलणाऱ्या दोघांची ओळख झाली की त्या बाईंचं काम होतं.

आता तुमच्या भीतीबद्दल. देणगीदार पळवतील? एखादा जाईलही, खोटं कशाला सांगू. पण जो देणगीदार दुसऱ्या संस्थेचं नाव कळताच जातो, तो आज ना उद्या जाणारच होता. देणाऱ्यांच्या बाजूनंही विचार करा. पैसे देणाऱ्याला आतून एकच शंका असते, हे लोक खरे आहेत ना? तुमच्याबद्दल दुसऱ्या संस्थेनं काढलेला एक चांगला शब्द तुमच्या दहा माहितीपत्रकांपेक्षा वजनदार असतो. अट एवढीच की तो शब्द मागून मिळत नाही. देणगीदारांची यादी मात्र कुणालाही देऊ नका. ती तुमची मालमत्ता नाही, त्या माणसांनी विश्वासानं दिलेली माहिती आहे. हाच नियम तुमच्याकडे येणाऱ्या रुग्णांनाही लावा. संस्था-संस्थांच्या गप्पांत ‘त्या अमक्यांच्या घरी काय चाललंय माहितीये का’ सुरू व्हायला वेळ लागत नाही. कुणाचंही नाव पुढं पाठवण्याआधी त्या माणसाला विचारा.

विचारसरणीचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. पण 1787 साली लंडनमध्ये काय झालं ते सांगतो. 22 मे रोजी एका छापखान्यात बारा माणसं जमली आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी समिती स्थापन केली. त्यातले नऊ क्वेकर पंथाचे, तीन इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे. त्या काळी या दोन पंथांची माणसं सहजासहजी एका बाकावर बसणारी नव्हेत. क्वेकरांकडे गावोगाव पसरलेली आपली माणसं होती, चिकाटी होती, हिशेब चोख होता. पण त्यांना पार्लमेंटमध्ये बसता येत नव्हतं आणि लोक त्यांना विक्षिप्त समजायचे. जिथं क्वेकरांना प्रवेश नव्हता ती दारं त्या तिघांना उघडत होती. तिघांपैकी टॉमस क्लार्कसन बंदरांमधून हिंडला, खलाशांच्या साक्षी गोळा केल्या आणि त्या खासदार विल्यम विल्बरफोर्सपर्यंत पोचवल्या. गुलामांच्या व्यापारावर बंदीचा कायदा व्हायला 1807 उजाडलं, वीस वर्षं गेली. धर्माबद्दलचे त्यांचे मतभेद त्या वीस वर्षांत मिटले असं कुठंही म्हटलेलं नाही. मिटायची गरज नव्हती, काम एकाच मुद्द्यावर बांधलेलं होतं.

त्या शेजारच्या संस्थेबरोबर तुम्हाला व्यासपीठ, संयुक्त निवेदन, एकत्र फोटो यांतलं काहीही नको असेल तर करू नका. पण तुमचा स्वयंसेवक आजारी पडला तर त्या दिवशी त्यांचा जाईल आणि त्यांचा पडला तर तुमचा, एवढं ठरवायला कुठली विचारसरणी आड येते? ज्या घरात रात्रभर जागलेली मुलगी आहे त्या घराला तीन तास हवे असतात.

जाळं वाढवण्याचे तोटेही आहेत, ते लपवत नाही. संस्थांचे मंच, महासंघ, समन्वय समित्या यांना बैठकांची चटक लागते. बैठकीचा वृत्तांत, त्याला मंजुरी, पुढच्या बैठकीची तारीख. चौदा स्वयंसेवकांच्या संस्थेला हे झेपत नाही. माझा स्वतःचा नियम साधा होता. तीन बैठका झाल्या आणि त्यातून एकाही माणसाचं एकही काम झालं नाही, तर चौथीला जायचं नाही. दुसरं, माणसाच्या डोक्यात फार ओळखी मावतही नाहीत. रॉबिन डनबर या अभ्यासकानं ही मर्यादा साधारण दीडशे सांगितली आहे, आणि त्यात नातेवाईक, मित्र सगळे आले. तुम्हाला दहा-बारा संस्था पुरतात. पण त्या दहा-बारा ठिकाणी फोन उचलणाऱ्या माणसाचं नाव माहीत पाहिजे आणि वर्षातून दोनदा तरी काही न मागता त्याला फोन गेला पाहिजे. गरज सरो वैद्य मरो, हे समोरच्याला बरोबर कळतं.

तिसरा तोटा सगळ्यांत घातक आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. ओळखी संस्थेच्या नसतात, एका माणसाच्या असतात. तुम्ही उद्या आजारी पडलात किंवा कंटाळून राजीनामा दिलात की नऊ वर्षांच्या ओळखी तुमच्याबरोबर जातील. म्हणून एक वही करा, साधी, रेघांची. संस्थेचं नाव, माणसाचं नाव, ते नेमकं काय करतात आणि काय करत नाहीत, शेवटचं बोलणं कधी झालं. ‘काय करत नाहीत’ हा रकाना विसरू नका, त्यामुळे लोकांच्या चकरा वाचतात. त्याच वहीच्या मागच्या पानापासून उलटीकडून आपण परत पाठवलेल्यांची नोंद सुरू करा: तारीख, काय हवं होतं, कुठं पाठवलं, पुढं काय झालं. सहा महिन्यांनी ती पानं वाचलीत की पुढची ओळख कुठं करायची ते मला विचारावं लागणार नाही. एकाच गोष्टीसाठी चार जण परत गेलेले दिसतील, तिकडे जायचं.

आणि माणूस पुढं पाठवताना माझ्यासारखी यादी हातात देऊ नका. त्याच्यासमोर फोन लावा, त्याचं नाव सांगा, कुणाला भेटायचं ते नाव त्याला लिहून द्या. आठवड्यानं विचारा, गेलात का, काय झालं. याला पाच मिनिटं जास्त लागतात. थकलेल्या माणसाला तीच गोष्ट चौथ्या टेबलावर पहिल्यापासून सांगावी लागणं किती जिवावर येतं, हे रुग्णांच्या घरी बसणाऱ्या तुमच्या स्वयंसेवकांना मी काय सांगणार.

अध्यक्षांना काय सांगायचं? सांगा की नेटवर्किंग करते, पण मेळाव्यांची संख्या विचारू नका, वहीतली पानं बघा.

राहता राहिल्या त्या बाई. पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना वाचाघात होतो, म्हणजे शब्द सापडत नाहीत किंवा समोरच्याचे उमगत नाहीत. बुद्धी शाबूत असते, म्हणून तर माणूस आतल्या आत तडफडतो. वाचोपचार लवकर सुरू झाले तर चांगलंच, पण उशिरा सुरू करूनही सुधारणा होते. तेव्हा महिना गेला म्हणजे सगळं गेलं असं नाही. त्यांचा नंबर तुमच्याकडच्या कुठल्या तरी कागदावर असेलच. नसेल तर त्यांना तुमच्याकडे कुणी पाठवलं होतं ते आठवा, तिथून मिळेल. पण त्यांना फोन लावण्याआधी स्वतः दोन गल्ल्या चालत जा आणि तो गट कुठल्या वारी, किती वाजता भरतो, नव्या माणसानं कुणाला भेटायचं आणि चाकाची खुर्ची दारातून आत जाते का, हे विचारून या. जाताना एक वॉकर घेऊन गेलात तरी चालेल.